अर्जांचा हंगाम

भात पिवळं पडू लागलं की मला अजूनही नको वाटतं. बाकीच्यांना हे दिवस आवडतात. पाऊस परतलेला असतो, बांधावरचा चिखल वाळून त्याच्या खपल्या निघू लागतात, कापलेल्या भाताचा कोवळा, किंचित आंबूस वास सकाळीच घरात शिरतो. संध्याकाळी डोंगर इतके जवळ येतात की हात लांब केला तर लागतील असं वाटतं. मी मात्र त्या वासानं बेचैन होते. खिडकी लावून घेते आणि थोड्या वेळानं उठून परत उघडते.

यंदा त्यात प्रज्ञाची भर पडली. प्रज्ञा आमच्या कर्जतच्या शेजाऱ्यांची मुलगी. अमेरिकेतल्या विद्यापीठांना अर्ज करते आहे. मी तिकडं शिकून आले आणि पुढं जन्मभर शिकवलं, म्हणून तिचा लेख वाचायला माझ्याकडं आली. आपल्याला का शिकायचं आहे, आपण कोण, कुठून आलो, हे सगळं त्या लेखात सांगायचं असतं. लॅपटॉप माझ्या मांडीवर ठेवून ती समोर बसली, नखं खात.

"मॅडम, तुमच्या वेळी सगळं टपालानं ना? महिनोन्‌महिने नुसती वाट बघायची. भीती नाही वाटायची?"

"वाटायची," मी म्हटलं.

कशाची, ते तिनं विचारलं नाही. नकाराची असणार, असंच तिनं धरलं. बाहेर कुणीतरी भारे वाहून नेत होतं आणि ओल्या पेंढ्याचा वास थेट आमच्या दोघींच्या मध्ये येऊन बसला होता.

आणीबाणी उठून वर्ष-दीड वर्ष झालं होतं. आम्ही पळसदरीला राहायचो, रेल्वेच्या चाळीतल्या दोन खोल्यांत. दारासमोर रूळ, रुळांपलीकडं भाताची खाचरं, मागं धरणाचं पाणी आणि त्याच्याही मागं घाट. माझे वडील, आबा, रेल्वेत चावीवाले होते. रूळ जागचा हलू नये म्हणून त्याला धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या असतात. गाड्यांच्या हादऱ्यांनी त्या सैल होतात. खांद्यावर लांब दांड्याचा हातोडा घेऊन रोज आपल्या हद्दीत चालत जायचं, सैल चावी दिसली की ठोकून बसवायची, रुळाला चीर दिसली की लाल झेंडा घेऊन धावायचं, हे त्यांचं काम. आई शेतावर जायची. थोडं आमचं स्वतःचं होतं, बाकी दुसऱ्यांचं.

मी मुंबईहून वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. होऊन घरी आले होते. भातावर करपा पडतो, पानांवर राखाडी डोळ्यांसारखे ठिपके उमटतात आणि बघता बघता लोंबी पोचट होते. त्या रोगावर मला पुढं काम करायचं होतं. आमच्या प्राध्यापक बाई म्हणाल्या, अमेरिकेत ह्याचा मोठा अभ्यास चालतो, अर्ज कर, शिष्यवृत्ती मिळते. त्यांनी ते इतक्या सहज सांगितलं की मला खोपोलीला जाऊन येण्याएवढंच ते वाटलं. पावसाळ्यात मी निळ्या हवाईपत्रांवर विद्यापीठांकडून कोरे अर्ज मागवले होते. भात कापणीला आलं तेव्हा ते येऊ लागले.

पोस्टमन चाळीच्या टोकाला सायकल लावायचा आणि तिथूनच ओरडायचा, "विमल! अमेरिका आली गं!"

सगळी चाळ बाहेर यायची. जाड, पिवळी पाकिटं. आबा कामावरून आले की हातपाय धुऊन, डोकं पुसून, ते पाकीट मांडीवर घेऊन बसायचे. त्यावरच्या तिकिटावर अंगठा फिरवायचे. भिंतीवर कोट घातलेल्या साहेबांची तसबीर होती, आमच्या प्रत्येक घरात असते तशी. ते साहेबही तिकडं शिकून आले होते, हे आबांना बोलून दाखवायची गरज वाटत नसे. ते फक्त एकदा तसबिरीकडं बघायचे, एकदा पाकिटाकडं.

एका अर्जात वडिलांचा व्यवसाय विचारला होता.

"काय लिवलंस?" आबांनी विचारलं.

"रेल्वेत नोकरी."

"चावीवाला लिव ना. लाजतेस काय?"

"लाजत नाय आबा. तिकडच्यांना कळायचं नाय, म्हणून."

"कळंल. तिकडं काय गाड्या नायत?"

मी खोडलं आणि वर लिहिलं. ते ओणवून बघत होते. इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं, पण मी खोडलेलं त्यांना दिसलं. हे मी मुद्दाम सांगते आहे. समोरचं सगळं त्यांना दिसत होतं.

त्याच दिवसांत कधीतरी ते सुरू झालं. किंवा आधीच सुरू झालेलं असणार आणि माझ्या लक्षात तेव्हा आलं. आईनं जेवताना तांब्या त्यांच्या उजव्या हाताला ठेवला, नेहमीसारखा, आणि त्यांनी उठताना तो लाथाडला. आम्ही हसलो. दोन दिवसांनी परत. खळ्यावर भात पसरलेलं होतं, पोरंसुद्धा वळसा घालून जात होती आणि आबा सरळ त्यातून चालत गेले. शेजारच्या म्हाताऱ्यानं हटकलं तर "अरं, ध्यान नव्हतं" म्हणाले. एकदा बांधावरून येताना एक म्हैस त्यांच्या अगदी बाजूला उभी होती. काळी, एवढी थोरली म्हैस. ते तिच्यावर जाऊन आदळले आणि दचकून असे मागं सरले, जणू ती जमिनीतून उगवली होती. त्यांच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे होतं ते मी आधी कधी बघितलं नव्हतं. रात्रंदिवस घाटात फिरणारा, बिबट्याच्या वाटेवरून येणारा माणूस तो. त्यांना घाबरलेलं मी पहिल्यांदा बघितलं.

आई तांब्या आता ताटाच्या पुढं ठेवू लागली होती. उंबऱ्याजवळची बादली भिंतीला सरकली. दोरीवरचं धुणं उंच बांधलं गेलं. घरातली एकेक वस्तू गुपचूप आपली जागा बदलत होती आणि मी माझ्या नादात, इंग्रजी शब्दांच्या याद्या पाठ करत, त्या बदललेल्या घरात वावरत होते.

डिसेंबरात मुंबईला जाऊन दोन परीक्षा दिल्या. एक इंग्रजीची, एक बुद्धीची. अर्ज टाइप करायला कर्जतला स्टेशनजवळच्या टायपिंगच्या वर्गात जायची. मास्तर चांगले होते, दुपारी मशीन रिकामं असलं की बसू द्यायचे. तिथं बसून मी लिहिलं की माझा जन्म भाताच्या प्रदेशात झाला, की करप्यानं गेलेलं शेत मी लहानपणी बघितलं आहे, की मला परत येऊन इथंच काम करायचं आहे. प्रत्येक वाक्याला मागून घाटाकडं जाणाऱ्या इंजिनाचा भोंगा असायचा. तो भोंगा जन्मापासून कानात होता. त्या थंडीत मात्र तो वाजला की माझी बोटं थांबायची. आबा आत्ता कुठं असतील, असं मनात यायचं. का यायचं, ते मला सांगता आलं नसतं.

एका विद्यापीठानं माहितीपुस्तक पाठवलं होतं. गुळगुळीत कागद, रंगीत फोटो. आई चुलीपुढं बसून ते चाळत होती. एका पानावर बर्फ होतं, पानभर पांढरं, मधे निष्पर्ण झाडांची रांग आणि लांब एक इमारत. आईनं ते पान उलटंसुलटं करून बघितलं.

"माणसं कुठं हायत गं ह्यात?"

"आत असतील आई. थंडी असते."

"इतकी?" तिनं पुस्तक मिटलं आणि लांब ठेवलं, विस्तवापासून नव्हे, स्वतःपासून.

अर्ज गेले. संक्रांतीच्या सुमारास एका संध्याकाळी आबा घरी आले तेव्हा त्यांच्या खांद्यावरची खाकी पिशवी फाटलेली होती. फाटलेली म्हणजे बंदाजवळून चिरत खाली गेलेली, आणि आतला जेवणाचा डबा एका बाजूनं चेपलेला. सदऱ्याच्या बाहीवर काळं वंगण.

"कशानं?" आईनं विचारलं.

"झुडपात आडकली."

आईनं डबा हातात घेऊन उलटा केला. चेपलेल्या जागेवर बोट फिरवलं. मग सुई-दोरा काढून पिशवी शिवायला बसली. तिनं दुसरा प्रश्न विचारला नाही, आणि तिचं ते न विचारणं मला डब्यापेक्षा जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी धरणावर कपडे धुवायला गेले होते. पाणी संथ होतं, घाटाची सावली त्यात उलटी पडलेली. दगडूकाका वाटेनं आले आणि जरा अंतरावर दगडावर बसले. ते आबांच्याच टोळीतले, त्यांच्या वयाचे, घरच्यासारखे. बराच वेळ बिडी न पेटवता हातात फिरवत राहिले.

"विमल, तुला सांगू का नको, चार दिस इचार करतोय."

मी हातातला कपडा पिळून ठेवला.

"तुझ्या बापाला बाजूचं दिसत नाय गं."

"म्हणजे?"

"म्हणजे बाजूचं. समोरचा सिग्नल लांबनं सांगंल, हिरवा का लाल. पण बगलंत माणूस उभा ऱ्हायला तर कळत नाय. मी त्येच्या उजव्या अंगाला चालतोय रोज. माझं काम आटपून धावत गाठतो त्याला. काल मला जरा उशीर झाला."

घाटात गाडी चढते तेव्हा तिला मागून रेटा द्यायला इंजिनं लावतात. गाडी वर पोचली की ती इंजिनं एकेकटी खाली परत येतात. विजेवरची इंजिनं, त्यात उतार, जोर लावावा लागत नाही. अगदी जवळ येईपर्यंत आवाज कळत नाही. वारा उलटा असला तर मुळीच नाही. आबा एका रुळावरून दुसऱ्या रुळाकडं निघाले होते आणि दगडूकाका लांबून बघत होते.

"मी वरडलो. ड्रायव्हरनं भोंगा दिला. तो थांबला, पण वळला उलट्या अंगाला. पिशवीच गेली फकस्त. इंजिन निघून गेलं तरी तो तिथंच उभा, आणि मला काय म्हणतो, दगडू, कुठनं आलं रं?" दगडूकाकांचा आवाज बारीक झाला. "त्येला दिसलंच नव्हतं. एवढं इंजिन."

मी विचारलं, "साहेबांना सांगितलंत?"

"त्यानं शपथ घातली मला. म्हणाला, पोरगी जाईपर्यंत."

त्या संध्याकाळी मी आबांची वाट बघत दारात उभी होते. रुळांवरून ते येताना दिसले, खांद्यावर हातोडा, शेजारी दगडूकाका. लांबूनच त्यांनी मला बघितलं आणि हात वर केला. ते मला बघू शकत होते, इतक्या लांबून. ह्या गोष्टीनं मला रडू आलं.

ते आत येऊन टेकल्यावर मी विचारलं. आडपडदा न ठेवता. त्यांनी दगडूकाकांना एक शिवी हासडली. आई चुलीपुढून हलली नाही.

"बोगद्यातनं बगितल्यावाणी दिसतं," शेवटी ते म्हणाले. "म्होरं उजेड असतो, गोल. कडंनं काळोख. आधी थोडा होता. आता वाढलाय."

"कधीपासून?"

"काय म्हाईत. दरवेळच्या तपासणीत पाटीवरची अक्षरं मी धडाधड वाचतो. डॉक्टर म्हणतो, नजर तरण्याची हाय."

"आणि आम्हाला नाही सांगितलंत."

"तुला सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?" आबा माझ्याकडं बघत होते, अगदी थेट, त्या गोल उजेडातून. "म्हणाली असतीस, मी नाय जात. इथंच शाळंत नोकरी धरते. म्हणाली असतीस का नाय?"

"आत्ताही म्हणते. मी नाय जात."

त्यांनी हाताजवळचा पेला भिंतीवर फेकला. आयुष्यात त्यांनी आमच्या अंगावर कधी आवाज चढवला नव्हता. पेला गडगडत आईच्या पायाशी गेला. तिनं तो उचलला, पदरानं पुसला आणि जागेवर ठेवला.

"मला दिवाळीपासनं ठावं हाय," आई म्हणाली. ती आबांशी बोलत होती. "मी गप ऱ्हायले. मला वाटलं, तुमी सोता सांगाल. काल डबा बगितला. तुमच्या जिवाचं तुमी बगा, तुमाला कोण सांगणार? पण रुळावर काय सुटलेलं तुमाला दिसलं नाय तर? गाडीत माणसं असतात. पोरं असतात. आपली विमलच उद्या त्या गाडीतनं जाणार नाय का?"

बाहेरून वर जाणारी गाडी गेली आणि भांडी बारीक खणखणली. तिचा शेवटचा डबा जाईपर्यंत आम्ही तिघंही तशीच बसून होतो.

सकाळी त्यांनी हातोडा घेतला नाही. स्वच्छ सदरा घातला, टोपी घातली आणि साहेबांच्या कचेरीत गेले. दगडूकाका सोबत गेले, उजव्या अंगानं.

रेल्वेच्या मोठ्या दवाखान्यात मी त्यांच्याबरोबर होते. डॉक्टर वयस्क होते, हळू बोलणारे. त्यांनी पाटी वाचायला लावलीच नाही. आबांना समोर बसवलं आणि म्हणाले, "माझ्या नाकाकडं बघायचं. नजर हलवायची नाही. मी बाजूला बोट हलवतो. दिसलं की हो म्हणा."

मी बाकावर बसून बघत होते. डॉक्टरांचं बोट आबांच्या कानाजवळ हलत होतं. आबा टक लावून नाकाकडं बघत होते, परीक्षेला बसलेल्या मुलासारखे. बोट हलत हलत पुढं येत होतं. गालाजवळ आलं. खोलीतल्या पंख्याचा आवाज तेवढा होता. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, आबा, हो म्हणा, आहे तिथं. बोट जवळजवळ त्यांच्या नाकासमोर आलं.

"सुरू केलं का साहेब?" आबांनी विचारलं.

डॉक्टरांनी हात खाली घेतला. काचबिंदू, ते म्हणाले. डोळ्यातला दाब वाढतो आणि आतली नस मरत जाते, कडेकडून आत. गेलेली नजर परत येत नाही. उरली आहे ती राखायची, रोज थेंब घालून. किती दिवस राहील, ते सांगता येत नाही.

परत येताना गाडीत आबांनी खिडकीबाहेर तोंड केलं होतं. "बरं झालं," मधेच म्हणाले. "नाव तरी कळलं."

पुढचे महिने मी कसे काढले ते मला नीट आठवत नाही, तुकडे आठवतात. शेतं उघडी पडली. धरणाचं पाणी खाली गेलं आणि काठाला भेगाळलेल्या चिखलाचा पट्टा वाढत चालला. होळीच्या आगेमागे डोंगरांना वणवे लागले. दिवसा नुसता धूर दिसायचा, तिन्हीसांजेला मात्र कड्यांवरून लाल रेघा सरकताना दिसायच्या, अगदी सावकाश, कुणी हातानं ओढत असल्यासारख्या. चाळीच्या आवारात काळी राख उडून पडायची. आबा दारात खुर्चीवर बसून ते बघायचे. काम नसलेले आबा. गाडी गेली की त्यांची मान तिच्याबरोबर वळायची आणि कुठली चावी वाजते आहे ते आबा ऐकायचे.

टपाल येत होतं. आता पाकिटं पातळ होती. पातळ म्हणजे नकार, हे पोस्टमनलाही कळलं होतं. तो ओरडेनासा झाला. सायकल लावायचा, चालत यायचा आणि मुकाट हातात द्यायचा. मला वाईट वाटायचं आणि त्याच्या तळाशी सुटल्यासारखंही वाटायचं. सगळीकडून नाही आलं तर प्रश्नच मिटला. मग थेंब मी घालीन, मीच हात धरीन. बहुतेक आबांनी हे माझ्या चेहऱ्यावर वाचलं असावं, कारण प्रत्येक नकारानंतर ते विचारायचे, "अजून किती ऱ्हायलेत?" आणि मी आकडा सांगितला की म्हणायचे, "मग हायत की."

चैत्रात दोन गोष्टी पाठोपाठ झाल्या. मक्याच्या मुलुखातल्या एका विद्यापीठानं प्रवेश दिला, शिष्यवृत्तीसकट. आणि रेल्वेनं आबांना हलकं काम दिलं. कर्जत स्टेशनवर पाणीवाला. पितळेची झारी घेऊन फलाटावर उभं राहायचं आणि गाडी आली की खिडक्यांशी जाऊन उतारूंना पाणी द्यायचं.

आईनं ते ऐकलं आणि हातातलं काम टाकून खाली बसली. तिला हसू येत होतं का रडू, कळेना. तिच्या सासऱ्यांना गावच्या विहिरीच्या काठावर पाय ठेवायची मुभा नव्हती. वरून कुणी ओतेल तेव्हा ओंजळ धरायची. आबा लहान असताना त्यांच्यामागं उन्हात तसेच उभे राहिलेले होते. आता सरकारच त्यांच्या हातात झारी देत होतं.

"पितील लोक?" तिनं विचारलं.

"तहान लागली का पितील," आबा म्हणाले.

पहिल्या आठवड्यात मी त्यांच्याबरोबर जायची. रणरणतं ऊन, फलाटाच्या फरशीवर पाय ठरत नव्हता. गाडी थांबली की खिडक्यांतून हात, पेले, तांबे बाहेर यायचे. आबा शेवटच्या डब्यापासून सुरू करून एकेक खिडकी घ्यायचे, समोर येईल तो चेहरा बघून झारी वाकवायचे. शहरातल्या लोकांना कोण देतंय ह्याची पर्वा नव्हती. पण एका डब्यात आमच्याच भागातले एक गृहस्थ होते. त्यांनी पेला पुढं केला, मग आबांना ओळखलं आणि पेला बाजूला नेला. जास्त लांब नाही, वीतभर. आबांच्या उजेडातून तो नाहीसा झाला. आबा ओततच राहिले. पाणी फलाटावर पडत होतं, त्यांच्या पायांवर उडत होतं, आणि ते हसतमुखानं विचारत होते, "भरला का दादा?"

मी पुढं होऊन झारी सरळ केली. काय झालं ते मी त्यांना सांगितलं नाही. त्यांनीच घरी जाताना विचारलं, "त्यानं काढून घेतला, नाय?" मी हो म्हटलं. ते थोडं चालले. "घसा कोरडाच ऱ्हायला असंल त्याचा," म्हणाले. त्यात राग होता की कीव, मी अजून ठरवू शकलेले नाही.

व्हिसा झाला. जुलै आला. त्या पावसात अमेरिकेची आकाशातली प्रयोगशाळा तुटून खाली पडणार अशी हाकाटी होती. रेडिओवर रोज बातमी. कुठं पडेल ते तिच्या मालकांनाही माहीत नव्हतं. लोक घराबाहेर झोपू नका म्हणत होते, कुणी घरात झोपू नका म्हणत होतं. आई भर पावसात मधूनच अंगणात जाऊन वर बघायची.

"तुझ्या अमेरिकेचंच हाय ना ते?"

"हो."

"त्यांनाच सावरंना, आणि तुला सांभाळणार हायत."

ते कुठल्याशा दूरच्या देशात पडलं. पण आईची नजर वरून उतरली नाही. मी जाण्याच्या आदल्या दिवशी ती आबांच्या डोळ्यांत थेंब घालायला शिकली. पहिले थेंब गालांवर गेले. "आता डोळ्यात घाल, का मिशीला पाजतेस?" आबा म्हणाले, आणि आम्ही तिघं हसलो, फार वेळ, थांबायची भीती वाटावी इतकं.

पुढचं सांगायला हवं. मी शिकले, परत आले, करप्यावर काम केलं. परत आले तेव्हा आबांना काहीच दिसत नव्हतं. आईनं एक दिवस थेंब चुकवले नव्हते, तरीही. मी राहिले असते तरी नजर गेलीच असती, असं डॉक्टर म्हणाले. त्यांनी ते मला बरं वाटावं म्हणून सांगितलं असेल किंवा खरंच तसं असेल. तपासून बघायला दुसरं आयुष्य लागेल. दारातल्या खुर्चीवर ते आणखी बरीच वर्षं जगले, आणि मी बोलायला लागले की तोंड अचूक माझ्याकडं वळवायचे.

पण हे दिवस आले की मला ते वारलेला दिवस आठवत नाही. मी निघाले तो आठवतो. ऑगस्टचा, झाकोळलेला. घाटाची शिखरं ढगात होती. पुण्याकडून उतरणारी पॅसेंजर कर्जतला यायची, तिनं मला मुंबईला जायचं होतं. मी आबांना म्हटलं होतं, आज रजा घ्या. ते म्हणाले, "रजा कशाला? तिथंच तर असणार मी."

दगडूकाकांनी ट्रंक चढवली. मला मधल्या डब्यात खिडकी मिळाली. आई खाली उभी राहून गज धरून होती. माझ्या मनगटाला हात लावत होती आणि काढत होती. मी मान वाकवून आबांना शोधलं. ते गाडीच्या शेवटच्या डब्याशी होते, झारी घेऊन. एका खिडकीत पाणी देत होते. मग दुसऱ्या. कुणाचं तरी मूल होतं, त्याला दोनदा दिलं. कुणी तांब्या पुढं केला, तो काठोकाठ भरला.

"जा, त्यांना बोलवा," मी दगडूकाकांना म्हटलं.

ते गेले आणि एकटेच परत आले. "येतो म्हणाला. कुणाची खिडकी सोडणार नाय म्हणतो."

गार्डनं शिट्टी दिली. आबांनी झपाझप पावलं उचलली नाहीत. एक खिडकी. तिथं कुणाला नको होतं, पुढची. मला वाटलं ते पोचणार नाहीत. मला वाटलं हे त्यांनी असंच ठरवलं आहे. पुढं गाडीनं भोंगा दिला आणि आईनं डोळे मिटले.

मग ते माझ्या खिडकीशी होते. खाकी टोपीवर पावसाचे थेंब. त्यांनी मान जरा तिरपी करून मला त्या उरलेल्या उजेडात आणलं. ओळख दाखवली नाही. इतर सगळ्यांना विचारत होते तसंच विचारलं, "पाणी?"

मी दोन्ही हात गजांतून बाहेर काढून ओंजळ धरली. झारी वाकली. एक थेंब बाहेर सांडला नाही. मी प्यायले, त्यांनी परत ओतलं, परत प्यायले. पाणी कोपरांवरून आत बाहीत गेलं.

"सगळं पी," ते हळूच म्हणाले. "लांब जायचंय."

गाडीनं गचका दिला. आईनं पुढं होऊन त्यांचा दंड धरला आणि त्यांना मागं ओढलं. मी गजाला गाल लावून बघत राहिले. ते वळले होते, माझ्या मागच्या खिडक्या आता त्यांच्यासमोरून सरकत होत्या, आणि त्यांचा आवाज मला ऐकू येत होता, स्पष्ट, मोठा, "पाणी... कुणाला पाणी..."